मोठ्या अक्षरांची कमांड

"पुन्हा फेल? कुमुद, काय लावलंयस हे?" उन्मेषने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

कुमुदच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर फोनचं सोंग घेऊन उभा होता. ते सोंग वठवणाऱ्या कमांड तिनेच रचलेल्या. रुंदी किती, उंची किती, फोन उभा की आडवा. त्यात तिने अक्षरांचा आकारही सक्तीचा केला होता. तो सांगितल्याशिवाय टेस्ट सुरूच व्हायची नाही. नेहमीच्या अक्षरांना सगळं ठीक. मोठी अक्षरं सांगितली, की टॉवरमधल्या रहिवाशांसाठीच्या या पानावरचं 'ॲम्ब्युलन्स बोलवा' हे लाल बटण खाली सरकायचं आणि अटी-शर्तींच्या पट्टीखाली गाडलं जायचं.

"ती पट्टी हलवायला सांग क्लायंटला," ती म्हणाली.

"उद्या सकाळी लाँच आहे, यार. पान क्लायंटचं. तू सक्ती काढ ना. ज्याला अक्षरं मोठी करून तपासायचंय, तो तपासेल."

"कोणी तपासणार नाही. तुलाही माहितीये."

"गुडगावात म्हातारं आहे कोण? सगळे ईएमआयवाले."

"त्यांचे आईबाप आहेत. दिवसभर टॉवरमध्ये एकटे."

"चलो, भाषण नंतर. तू काढतेस की मी काढू? मी काढली तर वर सांगावं लागेल, काम कुणी अडवलं ते."

शेतं गिळून या शहराने काचा उभ्या केल्या. रस्ते नंतर, गटारं त्याहून नंतर, आणि माणूस मरायला टेकला तर काय, हा विचार सगळ्यात शेवटी. तोही फोनवर ढकललेला.

कुमुदने सक्ती काढली. एका ओळीचं काम. टेस्ट पास झाली. उन्मेषने टाळीसाठी हात पुढे केला. तिने टाळी दिलीसुद्धा.

संध्याकाळी ती दिल्लीत आर. के. पुरमला आपल्या घरी न जाता गुडगावातच आईकडे गेली. भावाने घेतलेला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट; भाऊ परदेशात, आई शालिनीताई इथे.

"अगं, इंटरकॉम काढून नेला आज," आई म्हणाली. "उद्यापासून सगळं फोनवर, ॲम्ब्युलन्ससुद्धा. एक मुलगा पान उघडून देऊन गेलाय. बिल्कुल सोपंय म्हणाला."

कुमुदने फोन हातात घेतला. अक्षरं बोराएवढी. लाल बटणाचा पत्ता नाही. तिने अक्षरं बारीक केली.

"हे काय केलंस? आता मला काही वाचता येत नाहीये."

"वाचू नकोस. लाल दिसतंय?"

"लाल दिसतंय. पण सुमित्राचे मेसेज येतात गं..."

"मावशीला फोन करायला सांगते. हे परत मोठं करायचं नाही. कोणी करून देतो म्हणालं तरी नाही."

आईने चष्मा पुसला, पुन्हा लावला, मग काढूनच ठेवला. "हे तुमच्या ऑफिसातलंच ना?"

"आम्ही फक्त तपासतो."

"मग झालं तर. तू तपासलंयस म्हणजे काळजी नाही."

कुमुदने फोन आईच्या हातात परत दिला.

"शेजारच्या वर्माजींचाही फोन बघून ये," आई म्हणाली. "त्यांची अक्षरं माझ्याहून मोठी आहेत. सकाळपासून छातीत जळजळतंय म्हणत होते."

कुमुद तशीच उठली. बाहेर येऊन तिने वर्माजींची बेल वाजवली. आत टीव्हीचा आवाज येत होता, बातम्या मोठ्याने चालल्या होत्या.

"वर्माजी? मैं शालिनीजी की बेटी."

कोणी आलं नाही. तिने दाराला कान लावला आणि पुन्हा बेल दाबली.