आप्पा म्हणायचे

भिमाजी आप्पा गेले आणि मग बोलायला लागले.

जिवंत होते तोवर दौंडला त्यांची दोनच वाक्यं ठाऊक होती. सामना चालू असताना ‘पळा’, आणि संपला की ‘पाणी प्या’. उभी हयात रेल्वेचं इंजिन चालवण्यात गेलेली. आवाज करायचं काम इंजिनाचं, आपण कशाला घसा फोडायचा, असा त्यांचा हिशेब असावा. कॉलनीमागच्या सिमेंटच्या कोर्टवर जंक्शन क्लबची बास्केटबॉल टीम त्यांनी या दोन वाक्यांवर चालवली आणि चांगली चालवली. श्रावणात ते गेले, आणि दिवाळीपर्यंत गावातल्या ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांची वचनं झाली. चहावाला मल्हारी गिऱ्हाइकांना सांगायचा, आप्पा म्हणायचे, चहात आलं पडलं पाहिजे. आप्पांना आल्यानं ठसका लागायचा, हे त्यांच्या मुलीला, प्रतिभाला, चांगलं ठाऊक होतं. पण ती काही बोलायची नाही. कप तोंडाला लावायची आणि आल्याचा चहा प्यायची.

प्रतिभा ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायची. एकेकाळी स्वतः बरी खेळायची. आप्पा आजारी पडले तेव्हा चार दिवस म्हणून तिनं टीम हातात घेतली, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. टीम म्हणजे तरी काय होतं, जुने सगळे पांगलेले, उरलेली नवी पोरं. त्यातला एकोणीस वर्षांचा शंभू सोडला तर बाकीच्यांना रिंग कुठं आहे हे अजून शोधावं लागायचं. आप्पांनी दोन वर्षं त्यांना नुसतं पळवलं होतं. पुढं त्यांचं काय करायचं ठरवलं होतं, ते सांगायचं राहून गेलं.

कोर्टाच्या कडेला आप्पांची लाल प्लास्टिकची खुर्ची होती. एकदा चोरीला गेली म्हणून खांबाला तारेनं बांधलेली. त्या खुर्चीत आता कोणी बसत नव्हतं. पोरं तिच्यावर बॉलसुद्धा ठेवत नसत.

क्लबचे अध्यक्ष जयसिंग मामा एका संध्याकाळी आले ते निर्णय घेऊनच आले. शिरूरची स्पर्धा जानेवारीत. पहिल्या सामन्यातच हरून आलो तर टीम बंद आणि कोर्टावर पत्र्याची शेड टाकून बॅडमिंटन. शेडचा नकाशासुद्धा त्यांच्या खिशात होता. मात्र एक तोडगा होता. शाहनवाजला परत घ्यायचं.

शाहनवाज म्हणजे दौंडचा एकेकाळचा हिरो. त्याचा खेळ बघायला लोक गाडी चुकवायचे. आप्पांच्या हाताखाली तो बारा वर्षं खेळला, मग सणसवाडीत कंपनीत लागला, शिरूरला राहायला गेला आणि शिरूरच्याच टीमकडून खेळू लागला. तेव्हापासून शेवटपर्यंत, सात वर्षं, आप्पा त्याच्याशी बोलले नाहीत. आता तो एक्केचाळीस वर्षांचा झाला होता आणि शिरूरनं यंदा त्याला वगळलं होतं. आपल्या दहा जणांच्या टीममध्ये दहावी जागा रिकामी होती आणि शाहनवाज यायला तयार होता.

“आप्पा म्हणायचे, जुनं खोड हाय तवर मांडव पडत न्हाई,” मामा म्हणाले.

शंभूनं हे ऐकलं आणि तो तडक प्रतिभापुढं उभा राहिला. चाचा आले की बॉल चाचांकडंच जाणार. लोक चाचांच्या नावानं ओरडणार, आणि आम्ही दोन वर्षं पळलो ते काय त्यांना बॉल आणून द्यायला? आप्पा तर म्हणायचे, नव्या पोरांवर भरवसा टाका.

प्रतिभा दोघांचं ऐकून घरी गेली. जेवताना तिला हसू आलं. आप्पांनी एवढं सगळं कधी बोलून ठेवलं? सगळ्या गावाला त्यांचं म्हणणं पाठ होतं. फक्त ज्या घरात ते सदतीस वर्षं तिच्यासमोर जेवले, तिथं त्यांनी शाहनवाजबद्दल एक अक्षर ठेवलं नव्हतं. हसू ओसरल्यावर तिनं ताट सारलं. भाकरी अर्धी तशीच राहिली.

दोन दिवसांनी शाहनवाज स्वतःच आला. फटफटी लावली, लंगडत कोर्ट ओलांडलं आणि हुश्श करून सरळ लाल खुर्चीत बसला. सरावाला आलेली पोरं होती तिथं थांबली. बॉल घरंगळत गटाराकडं गेला, तरी कोणी हललं नाही. सगळ्यांकडं पाहून शाहनवाजला कळलं, आणि तो उठू लागला. पण त्या गुडघ्यांना बसलेलं उठवणं म्हणजे मोठंच काम होतं.

“बसा,” प्रतिभा म्हणाली. “खुर्ची बसायलाच असते.”

पोरांना तिनं पळायला लावलं आणि मग विचारलं, गुडघे कसे आहेत?

“एकच गेलाय.”

“आणि दुसरा?”

“त्याला अजून कळवलं न्हाई.”

ती हसली. मग तो जे विचारायला आला होता ते त्यानं विचारलं. पोरांकडं बघत, सहज विचारावं तसं.

“आप्पा काय बोलले होते का? माझ्याबद्दल? शेवटी शेवटी?”

गावातल्या कुणीही होय म्हटलं असतं आणि वर एक वचन फुकट दिलं असतं. प्रतिभाच्याही ते ओठांवर आलं. तेवढ्यानं एक माणूस सुखी झाला असता.

“नाही,” ती म्हणाली. “काहीच नाही बोलले.”

“बरं,” शाहनवाज म्हणाला, आणि बराच वेळ खुर्चीच्या हातावरची तार चाचपत राहिला.

“मी बोलते,” ती म्हणाली. “दहावी जागा तुमची. पण शंभू आणि ही पोरं सुरुवातीला खेळतील. तुम्ही बाकावर. मी सांगेन तेव्हा उठायचं, मी सांगेन तेव्हा बसायचं.”

“बाकावर? मला? आप्पांनी मला कधी बाकावर बसवलं न्हाई, प्रतिभा.”

“शाहनवाजभाई, आप्पांनी तुम्हाला सात वर्षं बाकावरच बसवलं होतं.”

शाहनवाजनं दुखरा पाय लांब केला आणि विचारलं, सराव किती वाजता असतो.

निर्णयानं मामाही खूश झाले नाहीत आणि शंभूही. मामांचं म्हणणं, हिरा आणून डब्यात ठेवला. शंभूचं म्हणणं, डबा तरी कशाला अडवला. दोघांनीही आप्पा याला काय म्हणाले असते ते तिला ऐकवलं. शाहनवाज मात्र रोज यायचा आणि भिंतीला टेकून पोरांच्या चुका मोजायचा. पोरं त्याला चाचा म्हणायची, तेव्हा त्याचा चेहरा आल्याचा चहा प्यायल्यासारखा व्हायचा.

शिरूरला जायला मामांनी क्रूझर ठरवली. न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रांगत, घोडनदीकाठी शिरूरात पोचायला उशीर झाला, आणि पोचल्यावर कळलं की पहिला सामना यजमान शिरूरशीच. म्हणजे शाहनवाजच्या जुन्या टीमशी. मैदानाभोवती माणूस मावत नव्हतं. बाकावरचा शाहनवाज दिसताच शिट्ट्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, चाचा, काठी कुठं ठेवली? तो उठून वाकला आणि त्यानं दोन्ही हातांनी सलाम केला.

सामना मात्र हसण्यासारखा नव्हता. शिरूरची पोरं अंगानं भरलेली. त्यांनी दोघं दोघं शंभूला चिकटवले. शंभूला श्वास घेता येईना, आणि बाकीच्यांना बॉल मिळाला की ते तो गरम तव्यासारखा फेकून देत. तरी पळायच्या जिवावर दौंड टिकून होतं. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा शिरूर पाच गुणांनी पुढं होतं. मामा खिशातला नकाशा चाचपत होते.

प्रतिभानं टाइम-आउट घेतला. शाहनवाजला उठवलं आणि सांगितलं, डाव्या कोपऱ्यात उभे राहा. हात वर करून बॉल मागत राहा. बॉल येणार नाही.

“येणार न्हाई?”

“येणार नाही. बॉल शंभूला.”

शंभूचा चेहरा पडला. चाचा मागणार आणि ही सगळी त्यांनाच देणार, ताई. पाचातला एक पळणारा माणूस कमी करून आपण काय मिळवणार? बाकीच्यांनीही माना हलवल्या. दोघं तर भलतीकडंच बघत होते. ती बोलत होती आणि तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. वर्गात असं झालं की ती खडू खाली ठेवायची. इथं तेवढा वेळ नव्हता.

“ताई, आप्पा म्हणायचे...” शंभूनं सुरुवात केली.

“आप्पा म्हणायचे,” प्रतिभा म्हणाली, “म्हातारा एडका कळपात ठेवतात तो लोकरीसाठी नाही. लांडगा आधी त्याच्याकडं बघतो. तेवढ्यात कोकरं निघून जातात.”

भलतीकडं बघणाऱ्या दोघांनीही माना इकडं वळवल्या. खरं तर घरची मेंढरं आप्पांच्या आजोबांनीच विकली होती. आप्पांचा आणि मेंढराचा संबंध एवढाच, की रस्त्यात कळप आडवा आला की ते गाडीची काच वर करून घेत. ही गोष्ट तिला ठाऊक होती आणि तिथं आणखी एकाच माणसाला ठाऊक असण्याची शक्यता होती. बारा वर्षं तो आप्पांबरोबर गावोगाव फिरला होता. पोरंही त्याच्याचकडं बघू लागली. सगळ्यांत जुना साक्षीदार तोच.

शाहनवाजनं प्रतिभाकडं पाहिलं. बुटाची नाडी पुन्हा एकदा बांधली.

“व्हय,” तो म्हणाला. “म्हणायचे. लई येळा.”

शाहनवाज कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि त्यानं हात वर केला. मैदानाभोवती गलका झाला. शिरूरची पोरं त्याच्याच हाताखाली तयार झालेली. त्या हातातून काय काय होतं हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. गुडघ्यांची बातमी त्यांना होती, पण हात वर झालेला दिसला की बातमी कुणाच्या लक्षात राहते? शंभूचा एक पहारेकरी सुटून तिकडं गेला, थोड्या वेळानं दुसराही. शंभू मोकळा झाला. एक बास्केट, मग दुसरं. दौंड एका गुणानं मागं. शाहनवाज तेवढा वेळ एका जागी उभा राहून “दे, दे इकडं” असा घसा कोरडा करत होता. इतकं मनापासून मागत होता की आपल्याला बॉल मिळणार नाही हे तो विसरला असावा.

आणि शेवटच्या क्षणी कुणाच्या तरी हाताला लागून बॉल खरोखरच त्याच्याकडं गेला.

सगळं मैदान उभं राहिलं. मामा बाकावर चढले. शाहनवाजनं बॉल धरला, आणि प्रतिभानं सांगितलेलं सगळं त्या बॉलबरोबर हवेत गेलं. त्यानं उडी मारली. उडी म्हणजे टाचा सुटल्या एवढंच. बॉल मात्र जुन्या डौलात सुटला, उंच गेला, आणि शिरूरची पाच, दौंडची तीन आणि बाहेरची शेकडो माणसं मान वर करून बघत राहिली. बॉल रिंगला लागला नाही. बोर्डालाही लागला नाही.

एकटा शंभू बघत नव्हता. चाचांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, त्यामुळं तो आधीच पळत सुटला होता. पडता बॉल त्यानं झेलला आणि तसाच रिंगमध्ये टाकला.

परतताना क्रूझरमध्ये कालवा चालला होता. शंभू फोनवर कुणाला तरी म्हाताऱ्या एडक्याचं सांगत होता, आणि न्हावरा येईपर्यंत त्यात एक कुत्रं आणि एक ओढाही आला होता. जयसिंग मामांनी नकाशाची घडी केली, त्या घडीनं डॅशबोर्डावरची धूळ पुसली आणि मागं वळून प्रतिभाला सांगितलं की ही एडक्याची गोष्ट आप्पांनी आपल्याला समोर बसवून सांगितली होती, स्टेशनबाहेर, थंडीचे दिवस होते.

प्रतिभा खिडकीशी होती. नेहमीसारखी गप्प राहील असं सगळ्यांना वाटलं.

“अजून काय म्हणायचे आप्पा?” तिनं विचारलं.

मग काय, सगळी सुटलीच. आप्पा म्हणायचे, हरल्यावर भजी खावीत. आप्पा म्हणायचे, जिंकल्यावर तर खावीतच. एकानं तर आप्पांना हिंदीतून बोलायला लावलं. प्रत्येकाला तिला काहीतरी द्यायचं होतं, आणि ती हसत सगळं घेत होती. हसता हसता एकदा तिला पदरानं डोळे पुसावे लागले. ट्रॉल्यांच्या धुरानं, ती म्हणाली.

शाहनवाज मागच्या सीटवर पाय लांब करून, गुडघ्याला बर्फाची पिशवी धरून बसला होता. आता दोन्ही गुडघ्यांना कळवून झालं होतं. पोरांनी त्याला डिवचलं, चाचा, तुम्हाला काय म्हणायचे आप्पा?

त्यानं पायाशी पडलेली बाटली उचलली, झाकण काढलं आणि पोरांच्या डोक्यांवरून हात लांब करून प्रतिभापुढं धरली.

“पाणी प्या, म्हणायचे.”

तिनं बाटली घेतली.