धुण्याचं पाणी

प्रयोगशाळेतल्या वाळूच्या नळीच्या तोंडाशी थेंब जमून पडायला चार सेकंद लागत होते. वाळूतून आलेला तो थेंब नितळ असायला हवा होता. दिसत होता दुधाळ. बाईंनी कुपी गढूळपणा मोजणाऱ्या मापकात ठेवून आकडा पाहिला. काढली, पुसली, पुन्हा ठेवली. आकडा तोच.

प्रयोग तर संपला होता. खारट पाण्यात मिसळलेले मातीचे सूक्ष्म कण वाळूच्या नळीत सोडायचे, किती अडकले ते मोजायचं, मग शुद्ध पाण्यानं नळी धुवायची आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतायचं, हा अकरा वर्षांचा शिरस्ता. धुण्याचं पाणी मोजावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आज बेसिन तुंबलं म्हणून बाईंनी ते कुपीत धरलं होतं. अडकलेल्यांतले निम्मे कण त्यात होते. खारं पाणी जाऊन गोडं आलं, की वाळू त्यांना सोडून देत होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, सरांच्या, गणितात मात्र एकदा अडकलेला कण सुटतच नाही. त्याच गणितावर एका कारखान्याला प्रदूषण मंडळाकडून शिशाचा खारट गाळ वाळूच्या थरावर टाकायची परवानगी मिळायची होती. थराखाली विहिरी होत्या. आणि पावसाचं पाणी गोडंच असतं.

"वरातीमागून घोडं!" सर हसले. "अहो बाई, धुण्याचं पाणी कुणी मोजतं का?"

"तीनदा मोजलं, सर."

"मग चौथ्यांदा नका मोजू. कण अडकतात का, एवढंच विचारलंय मंडळानं. अडकतात. विचारलं तेवढंच सांगावं माणसानं."

हे वाक्य बाईंच्या ओळखीचं होतं. मापक बिघडलेला असतानाचे आकडे अहवालात गेले, तेव्हाही ते ऐकलं होतं. गणिताशी न जुळणारी नळी यादीतून गळाली, तेव्हाही. दर वेळी 'नाही' ओठांपर्यंत यायचं आणि बाई मूग गिळून सही करायच्या. नोकरी कायम करायचा कागद सरांच्या खणात होता. अजून तिथंच होता.

सरांनी अहवालाचं शेवटचं पान पुढे सरकवलं. "हं, करा. कायम व्हायचंय ना? आत्ताच कुठे जरा मार्ग मोकळा होतोय."

बाईंनी पान परत सरकवलं. 

"मी सही करणार नाही, सर. आणि हे आकडे आज मीच मंडळाला पाठवणार आहे."