ब्रेक कधीकधी लागत नाही

बबलूची झोप गाडीत राहायची. पाळण्यात, मांडीवर, खांद्यावर, आजीच्या गाण्यात ती यायचीच नाही. आली तरी घाईतल्या पाहुण्यासारखी, चप्पल न काढता. पण त्रिवेणीने त्याला मागच्या सीटवरच्या त्याच्या छोट्या खुर्चीत पट्टा लावून बसवलं, गाडी मलकपेठच्या गल्लीतून बाहेर काढली आणि रेसकोर्सची लांबच लांब भिंत सुरू झाली, की त्या आठ महिन्यांच्या पोराच्या पापण्या जड व्हायच्या. चादरघाटचा पूल येईपर्यंत तोंड उघडं आणि मूठ सैल.

मग पुढचा दीड तास त्रिवेणीचा. घरात आता फक्त तिचं असं काही उरलं नव्हतं. ताट अर्धं राहायचं, अंघोळ अर्धी राहायची, सोसायटीत तर तिचं नावही गेलं होतं, जो तो 'बबलूची आई' म्हणायचा. पण दुपारी अडीच ते चार ती हिमायतनगरवरून तळ्यावरच्या टँक बंडच्या कडेने पार सिकंदराबादपर्यंत जायची. काचा बंद, आत गारवा, बाहेर ऊन पाण्यावर पसरलेलं, आणि आरशात झोपलेलं पोर. शहर आपल्याजवळून आपोआप वाहतंय आणि आपण एका जागी स्थिर आहोत असं तिला वाटायचं. गाडी अकरा महिन्यांची, उंच, नव्या कपड्यासारखा वास अजून न गेलेली. तिच्यात बसलं की माणसं लहान दिसायची आणि काळज्याही.

सिकंदराबादला तिचं माहेर. वडील, एकनाथराव, रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. बरोबर सव्वातीनला ते गॅलरीत उभे राहायचे आणि हिरवा टॉवेल हलवायचे. त्रिवेणी थांबायची नाही, कारण गाडी थांबली की बबलू उठायचा. ती दिवे एकदा लुकलुकवायची आणि वळून परत. बापलेकीची तेवढीच भेट, पण रोजची.

पहिल्यांदा झालं ते एका मंगळवारी, उड्डाणपुलाच्या उतारावर. पुढे एक रिक्षा हळू झाली. त्रिवेणीने ब्रेकवर पाय ठेवला. पेडल अर्धं खाली गेलं आणि थांबलं. खालून कोणीतरी तळहात लावून 'बस, एवढंच' म्हणावं तसं. गाडी हळू झाली, पण पुरेशी नाही. रिक्षाच्या मागच्या रंगीत फुलांच्या पाकळ्या मोजता येतील इतक्या जवळ आल्या. तिने पाय उचलला, पुन्हा दाबला. लोण्यात सुरी जावी तसं पेडल खाली गेलं. हातभर अंतर उरलं.

रिक्षावाला रिक्षा बाजूला घेऊन ओरडणार होता, तिने काच खाली केली, तेवढ्यात त्याला मागच्या सीटवरचं झोपलेलं पोर दिसलं. "मेल्लगा अम्मा," तो हळूच म्हणाला, "मेल्लगा!" सावकाश, बाई, सावकाश.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. संदेश हसला नाही, हे तिला फार आवडलं. तो आठवडाभर मेट्रोने ऑफिसला जायचा. गाडी त्याच्या हातात यायची ती रविवारी. त्या रविवारी त्याने ती नेहमीसारखी आतून झाडली, पुसली, बंजारा हिल्सच्या चढउतारांवर फिरवून आणली.

"ब्रेक एकदम मस्त आहेत गं."

"मला लागला नव्हता."

"मग दाखवूया सर्व्हिसला. नवी गाडी आहे, उगीच रिस्क नको."

सर्व्हिस सेंटरचे इलियासभाई मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी दिवसभर गाडी ठेवून घेतली, कॉम्प्युटर लावला, चाकं उघडली. संध्याकाळी म्हणाले, "गाडी में कुच्छ नै निकला, मॅडम. बच्चे के जैसी अच्छी है."

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. घरी येऊन पाय धुताना टाचेला कसलंसं लाल लागलेलं दिसलं, ते तिने धुऊन टाकलं. पुन्हा सर्व्हिस सेंटर. पुन्हा 'कुच्छ नै'.

तिसऱ्यांदा ती रस्त्यावर ठेवलेला प्लॅस्टिकचा शंकू उडवून पुढे गेली. नुकसान काहीच नाही, शंकूचंही नाही. पण बबलू दचकून उठला आणि घरापर्यंत रडत आला.

त्या संध्याकाळी संदेश रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला. "त्रिवेणी, तू रात्री चार-चार वेळा उठतेस. झोप पुरी होत नाही. पाय नेमका कुठे पडतोय हे…"

"माझा पाय ब्रेकवरच होता."

"असेलही. मी खोटं म्हणत नाही. पण दोनदा गाडी तपासली ना? गुरुवारपासून ड्रायव्हर येईल. तू निवांत मागे बस बबलूजवळ. चावी माझ्याकडे राहू दे थोडे दिवस."

सासूबाई, इंदुताई, मटार सोलत बसल्या होत्या. त्या मधे पडल्या, "अरे, लेकीच्या जातीला एवढं तरी राहू दे की! घरातून बाहेर पडली की तोंडावर रंग येतो तिच्या." इंदुताई नांदेडकडच्या, पन्नास वर्षं हैदराबादेत काढूनही त्यांची बोली काही मुसी नदीच्या पाण्यात विरघळली नव्हती. सुनेवर त्यांचा जीव. बाळंतपण सुखरूप झालं म्हणून दोन महिन्यांपूर्वीच गुडघे दुखत असताना त्या माहूरला देवीची ओटी भरून आल्या होत्या.

"आई, प्रश्न रंगाचा नाही, बबलूचा आहे," संदेश म्हणाला, आणि विषय संपला.

त्रिवेणीचा मात्र तिथून सुरू झाला. चावीचं एक वेळ सोसलं असतं. पण पाय खोटं बोलत असेल, तर बबलूला अंघोळ घालताना त्याच्या मानेखाली धरलेला हात? औषधाचे थेंब मोजणारा डोळा? तीन दिवस ती बबलूला उचलताना आधी स्वतःच्या बोटांकडे बघायची. दुपार झाली की तो दाराकडे हात करून रडायचा, आणि ती त्याला गाडीत न्यायला धजायची नाही.

सोमवारी तिने इलियासभाईंना फोन केला. त्यांनी समजुतीने ऐकून घेतलं. "आप झूठ नै बोलते, मेरे को मालूम है. लेकिन हमारे सामने होता नै ना! एक काम करो. अब के हुआ तो पाँव वैसाच रखो. हटाना नक्को. हँडब्रेक का बटन खींचो, गाडी रोको, और नीचे देखो. बस."

बुधवारी, म्हणजे चावी जायच्या आदल्या दिवशी, तिने बबलूला आजीच्या मांडीवर दिलं.

"लेकराला ठेवून कुठं निघालीस?"

"एकटीच जाऊन येते, आई. तासाभरात."

इंदुताईंनी लेकराला नीट मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "जा. पण बेतानं. देवी आहे सोबत."

मागची खुर्ची रिकामी होती. आरशात नुसता पट्टा हलत होता. रेसकोर्सची भिंत आली, गेली. झोपायला कोणी नव्हतं तर तीच झोपेतून चालल्यासारखी चालली होती. पाण्याच्या काठचं ऊन, पाण्यातल्या बुद्धाच्या पुतळ्याचा पांढरा खांदा, फुगेवाल्याचे फुगे, सगळं काचेपलीकडे आवाज न करता सरकत होतं. सिकंदराबादला छावणीत झाडांचा एक रस्ता आहे. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. रस्ता एका टोकाला हळूच चढतो आणि तसाच उतरतो. त्रिवेणीने तो उतार निवडला. हळू चढायचं, उतरायचं, खाली पोचून ब्रेक. वळून पुन्हा. एक सायकलवाला जवान दोनदा जाताना तिच्याकडे बघून गेला. तिसऱ्यांदा त्याने सलाम ठोकला.

नऊ वेळा ब्रेक लागला. नऊ वेळा तिचं मन म्हणालं, बघ, तुझाच पाय.

दहाव्या वेळी खालून तो तळहात आला. बस, एवढंच.

तिने पाय हलवला नाही. हँडब्रेकचं बटण ओढून धरलं. गाडीने एक लांब हुंदका दिल्यासारखं केलं आणि एका गुलमोहराखाली उभी राहिली. त्रिवेणी वाकली.

पेडलच्या मागे, गाडीच्या तळाशी अडकून, लाल कापडाची एक पुरचुंडी होती. अंड्याएवढी. पाय उचलताच ती सुटली आणि मांजरीच्या पिल्लाने पळावं तशी सीटखाली पळून जायला निघाली. त्रिवेणीने तिला पकडलं. आत काहीतरी टणक. कापडावर ताजं कुंकू. आणि गाठ अशी, दोन वेढे देऊन टोक आत खुपसलेली. तशी गाठ तिच्या ओळखीत एकच बाई मारायची. बबलूच्या लंगोटालाही तशीच असायची.

काही दिवसांपासून आपल्या टाचेला लाल कसलं लागतं, हे कोडं तिला तिथे बसल्या बसल्या सुटलं. ती हसली, मग रडली, मग नाक पुसून गाडी वळवली. वडिलांच्या गल्लीत ती आज वळलीच नाही, हिरवा टॉवेल राहिला.

घरी इंदुताई रडणाऱ्या बबलूला घेऊन येरझारा घालत होत्या. त्रिवेणीने पुरचुंडी जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"अगं बाई, हा कुठं घावला तुला?"

"ब्रेकखाली."

इंदुताईंचे पाय थांबले. बबलूचं रडणंही, का कोण जाणे, थांबलं.

"माहूरचा नारळ आहे," त्या म्हणाल्या. "छोटा, पूजेत ठेवतात तसला. गाडीसाठीच आणला होता. आधी समोर ठेवला, तर संदेश म्हणाला, काढ ते, काचेत लाल लाल दिसतंय. म्हणून सीटखाली ठेवायले मी. रविवारी काढून घेते, तो झाडझूड करतो ना. सोमवारी पूजा केली, कुंकू लावलं, की परत ठेवते."

"आणि सर्व्हिसला गाडी गेली तेव्हा?"

"तेव्हाही काढला. देवीचा नारळ, लोकांचे बुटाचे पाय लागतील म्हणून."

त्रिवेणी खुर्चीवर बसली. छावणीतून येताना तिने बरीच वाक्यं तयार केली होती, काही तर चांगली धारदार. पण समोरची बाई बबलूला छातीशी इतकं घट्ट धरून उभी होती, की जणू तोच आत्ता उतारावरून घरंगळला असता.

"लेकरू मागं, तू एकटी, अन् ही रस्त्याची गर्दी. राखण असावी म्हणून ठेवला गं," इंदुताई म्हणाल्या. "अन् मीच…"

"आई, मला वाटायला लागलं होतं की माझा पायच खोटा आहे."

"पाय नाही गं खोटा. लपवलं ते मी. अन् माझ्यासमोर तो तुला बोलत होता तरी माझ्या डोस्क्यात उजेड पडला नाही."

संध्याकाळी संदेश आला. बूट काढायला वाकला तोच इंदुताई म्हणाल्या, "काढू नको. खाली चल."

"काय झालं?"

"चल म्हणते ना!"

पार्किंगमध्ये त्यांनी मुलाला स्टिअरिंगसमोर बसवलं. मग दुखऱ्या गुडघ्यांनी दाराशी उकिडव्या बसल्या, देवीचा नारळ कपाळाला लावला, आणि स्वतःच्या हाताने पेडलच्या मागे सरकवून हात काढून घेतला. त्रिवेणी बबलूला कडेवर घेऊन बाजूला उभी होती.

"दाब."

संदेशने ब्रेक दाबला. पेडल अर्ध्यात थांबलं. त्याने जोर लावला. तेवढंच.

इंदुताईंनी नारळ काढून घेतला. "आता दाब."

पेडल खाली गेलं. संदेशने पेडलकडे पाहिलं. मग आईच्या हातातल्या लाल कापडाकडे, मग बायकोच्या पायांकडे. उतरला आणि चावी त्रिवेणीच्या तळहातावर ठेवली. बबलूने ती लगेच तोंडात घातली.

"सॉरी," तो म्हणाला. "मी ऐकून घेतलं, पण…"

"मला नको म्हणूस. ह्या पायाला म्हण," त्रिवेणीने चप्पल पुढे केली.

"अन् नारळाला पण," इंदुताई म्हणाल्या. "समोर ठेवू दिला असतास तर सीटखाली गेलाच नसता."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला नाही, कारण त्याला नको म्हणून कळवलं होतं. अडीच वाजता त्रिवेणीने बबलूला पट्टा लावला. पुढच्या सीटवर इंदुताई बसल्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. पुढे बसलं की समोरून सगळं अंगावर येतं, असं त्यांचं म्हणणं. नारळ मांडीवर, दोन्ही हातांच्या ओंजळीत. उड्डाणपुलाच्या उतारावर त्यांनी डोळे मिटले. ब्रेक लागला. डोळे उघडले.

"लागला?"

"लागला."

पाणी आलं, ऊन आलं, मागे बबलूचा श्वास संथ चालला होता. गाडी चालतेय की शहर, हे त्रिवेणीला पुन्हा कळेनासं झालं.

सिकंदराबादला गल्लीच्या तोंडाशी येताच एका गॅलरीत हिरवं काहीतरी फडफडलं.

"कोण गं तो म्हातारा टॉवेल हलवायलाय?"

"बाबा माझे."

"अगं बाई! व्याही!" इंदुताईंनी घाईघाईने पदर डोक्यावर घेतला. "मग थांब की. रोज असं त्यांच्या दारावरून नुसतीच जातीस होय?"

"थांबलं तर हा उठेल, आई."

इंदुताईंनी मागे वळून नातवाकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं. एका हाताने काच अर्धी खाली केली, आणि दुसऱ्या हातातला लाल नारळ खिडकीबाहेर काढून, गॅलरी मागे पडेपर्यंत, व्याह्यांना दाखवत राहिल्या.