गॅलरी आत येणार नाही

मित्रांनो, मी एक जुनी गॅलरी आहे. दुसऱ्या मजल्यावरची, नऊ फूट लांब, चार फूट रुंद आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेली. माझ्यासारखीला लोक वाया गेलेली जागा म्हणतात. मी ते एकदा निमूट ऐकून घेतले होते. पुन्हा ऐकून घेणार नाही. मला तुमची दया नको, फक्त माझी हकिकत शेवटपर्यंत ऐका.

आमचे घराणे मोठे आहे. अंगण आमच्यातले थोरले, त्याला ऐसपैस पसरून बसायची सवय. ओटा बोलघेवडा, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून बसवणारा. व्हरांड्याला आपल्या खांबांचा तोरा, आणि गच्ची तर सगळ्यांच्या डोक्यावरच बसलेली. मी सर्वांत धाकटी. पण आम्हा भावंडांचा स्वभाव एकच आहे. आम्ही घराचे असतो, पण घरात शिरत नाही.

मला घडवणारा गवंडी मोजकेच बोलणारा होता. फरशी बसवून झाल्यावर त्याने दारापाशी पेलाभर पाणी ओतले आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी कुठेही न थांबता कठड्याखालच्या भोकाकडे गेले आणि बाहेर पडले.

घरमालक म्हणाले, "फरशी तिरकी वाटतेय हो."

"तिरकीच आहे," गवंडी म्हणाला. "बाहेरची जागा ही. हिचा उतार बाहेरच पाहिजे."

तो उतार माझ्या अंगात मुरला आहे. मी थोडी हट्टी आहे ती त्याच्यामुळेच.

घरमालकांची धाकटी बहीण या घरातच राहायची. मुले तिला आत्या म्हणत, आणि हळूहळू सगळा मजलाच तिला आत्या म्हणू लागला. आत्या रफूचे काम करायची. कापडाला भोक पडले की तिथे सुईने एकेक धागा असा विणायचा, की भोक होते हेच कळू नये. तीस वर्षे ती माझ्या उजव्या कोपऱ्यात स्टुलावर बसली. ऊन आले की स्टूल हातभर सरकवायची, बस्स. तिच्याजवळ एक पत्र्याचा डबा होता. त्यात जुन्या कापडांतून सोडवलेले धागे कागदाच्या पुड्यांत बांधलेले असत. एकाही पुडीवर रंग लिहिलेला नव्हता. "बघितलं की कळतं, लिहायचं कशाला?" असे ती म्हणे. गिऱ्हाइके तिच्या हाताचे कौतुक करीत आणि इकडे मी फुगून जाई. हात तिचा असला तरी उजेड माझा होता.

पुढे घरमालक गेले आणि घराचा कारभार त्यांच्या मुलाकडे आला. आत्याचा हा भाचा फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता. दिवसभर दुसऱ्यांना मोठे सोफे विकून त्यालाही एक मोठा सोफा हवासा झाला. एका रविवारी तो हातात टेप घेऊन माझ्यात आला, मला आडवे-उभे मोजले आणि म्हणाला, "एवढी जागा नुसती वाया चाललीय. गॅलरी आत घेऊन टाकू."

आत्याने सुई कापडात खोचून ठेवली. "मग मी बसू कुठं?"

"सोफ्यावर बस ना आत्या. चांगली मोठी ट्यूब लावून देतो तुला."

तिने सुई पुन्हा उचलली. मला तर तोंडच नव्हते. चार दिवसांत मधली भिंत पडली, कठड्याच्या आतून जमिनीपासून वरपर्यंत गडद रंगाच्या सरकत्या काचा बसल्या आणि माझे भोक सिमेंटने बुजवले. टाइल्स बसवणाऱ्याला घाई होती. त्याने जुनी फरशी न उकरता तिच्यावरच चकचकीत टाइल्स चिकटवल्या. सगळे म्हणाले, हॉल केवढा मोठा दिसतो. मी मनात म्हटले, दिसू दे. उतार अजून माझ्याजवळच आहे.

आत्या ट्यूबखाली बसून काम करू लागली. तेव्हा कोपऱ्यावरच्या वकिलांचा काळा कोट आला. खांद्यावर सिगारेटच्या ठिणगीने पडलेले भोक होते. तिने नेहमीसारखी पुडी उघडली, दोन दिवस खपली आणि कोट दिला. तिसऱ्या दिवशी वकील परत आले. कोर्टाच्या पायऱ्यांवर, भर उन्हात, त्यांच्या खांद्यावरचा ठिपका निळा दिसत होता. चार जण हसले होते.

"राग नाही हो आत्या," ते म्हणाले. "पण एकदा डोळे दाखवून घ्या. कोट राहू दे इथं, जमलं तर बघा."

आत्याने ट्यूबखाली कोट पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. तिला तो ठिपका काळाच दिसत होता. मग तिने पत्र्याचा डबा कपाटात सगळ्यात खाली ठेवला आणि आलेल्या गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवू लागली. "वय झालं तिचं," भाचा बायकोला म्हणाला. आत्याने ते ऐकले आणि मान हलवली. ती मान हललेली पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोळे तिचे गेले नव्हते. माझा उजेड गेला होता, आणि हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते.

मग भाच्याने दुकानातून चाकांचा काचेचा टीपॉय आणला. तो ठेवला की हळूच निघे आणि काचेला जाऊन टेकत असे. घरच्यांनी चाकांखाली वर्तमानपत्राच्या घड्या खोचल्या. मी वाट पाहत होते. एके दुपारी भाच्याच्या बायकोने झाडताना त्या घड्या काढल्या आणि केर भरायला आत गेली. टीपॉय निघाला. यात माझा हात होता का, असे विचाराल तर मला हात नाहीत. पण उतार आहे, आणि त्या दिवशी मी तो पुरेपूर वापरू दिला. एक काच तडकली, दुसरी चॅनेलमधून निसटली.

काचवाल्याने दोन्ही काचा उतरवल्या. या रंगाची काच मागवावी लागेल, आठ दिवस थांबा, असे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मटार सोलायला बसली. पाय आपोआप माझ्या उजव्या कोपऱ्याकडे वळले. उजेड पूर्वीसारखा तिच्या मांडीवर पडला. थोड्या वेळाने तिने परात बाजूला ठेवली, दारामागचा कोट आणला आणि खांदा उजेडात धरला. मग डबा आणून दोन पुड्या शेजारी-शेजारी उघडल्या. एक काळी, एक गडद निळी. तिने खांद्यावरचा धागा निळ्या पुडीशी जुळवून पाहिला, तो तिथलाच होता. मग ती रडली. मीही रडले असते, पण माझे भोक बुजवलेले होते.

संध्याकाळी भाचा आला तेव्हा ती उठून उभी राहिली. "काच परत बसवायची नाही."

"अगं आत्या, एवढा खर्च केलाय. आणि सोफा?"

"सोफा आत घे. मी बाहेर बसणार. माझे डोळे धड आहेत, आणि हे मी तुला उद्या उजेडात दाखवते."

तिला इतक्या ठामपणे बोलताना त्याने कधी पाहिले नव्हते. तो डोके खाजवत काचवाल्याकडे गेला. काचवाला म्हणाला, रुंदी तीच आहे, या चौकटी मधल्या भिंतीच्या जागी दार म्हणून बसतील. तसेच झाले. भाच्याने स्वतः छिन्नी घेऊन कठड्याखालची टाइल फोडली आणि माझे भोक मोकळे केले. मग त्याने पेलाभर पाणी ओतून पाहिले. ते त्याला कोणी शिकवले नव्हते.

वकील कोट न्यायला आले तेव्हा आत्याने त्यांना माझ्यात उभे केले. "शोधा आता."

त्यांनी खांदा उलटसुलट केला, बोट फिरवले, चष्मा वर केला. शेवटी म्हणाले, "कोणता खांदा होता हो?"

तर मित्रांनो, माझ्या अंगावर अजून त्या चकचकीत टाइल्स आहेत, एक फुटकी आहे. मी जुनी आहे, सुबकही दिसत नाही, आणि मला त्याचे काही वाटत नाही. आमची निगा राखा, भोके तुंबू देऊ नका, कठड्यावर अडगळ रचू नका, हे मी सांगणारच. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि टेप घेऊन एखाद्या गॅलरीत याल, तेव्हा तिची लांबी-रुंदी मागाहून मोजा. आधी तिथे स्टूल टाकून कोण बसते ते बघा.