पक्का काळा

मानवजातीला म्हातारपणापासून वाचवू शकेल असा पदार्थ सुनेने सासऱ्यांच्या सूपमध्ये घातला, आणि सासऱ्यांनी तो चमच्याने शोधून शोधून ताटाच्या कडेला काढला.

"बाबा, धिंगरी मशरूम आहे ते. अँटिऑक्सिडंट्स असतात त्यात."

"आम्ही ह्याला कुत्र्याची छत्री म्हणायचो."

"ती वेगळी. ती विषारी असते."

"कुत्र्याला विचारलंस?"

एरवी ती हसली असती. चार वर्षं ती पीएचडीसाठी प्रयोगशाळेत खाण्याच्या मशरूमचे औषधी गुण तपासत होती आणि तितकीच वर्षं हे टोमणे ऐकत होती. आज तिने नुसती वाटी उचलली. बाबांनी चमचा खाली ठेवला. बत्तीस वर्षं कापडगिरणीच्या रंगखात्यात काढलेला माणूस. उतरलेला रंग त्यांना लांबून कळे.

"काय बिघडलंय?"

"तुम्हाला कंटाळा येईल."

"निवृत्त माणसाला आणखी काय येणार? सांग."

ती खुर्चीत बसली. "जांभळं द्रावण असतं. त्यात मशरूमचा अर्क घालायचा. अर्कात गुण असला की जांभळा रंग उडतो. जितका जास्त उडेल तितका गुण जास्त."

"म्हणजे रंग उडाला की तुमच्याकडे शाबासकी?" बाबांना हे पटायला जड गेलं. त्यांच्या खात्यात रंग उडाला की मेमो मिळे.

"पण दोन महिने झाले, अर्क न घातलेल्या नळीचाही उडतोय. मॅडम म्हणतात, मशरूमशिवायच गुण येत असेल तर मशरूम हवंय कशाला? सोमवारपर्यंत नीट आकडे आले नाहीत तर विषय बंद करा म्हणाल्या. चार वर्षं, बाबा."

बाबांनी बोटाने टेबलावरचा थेंब पुसला.

"नळ्या ठेवतेस कुठे?"

"कपाटात. अर्धा तास अंधारात ठेवायच्या असतात."

"कपाट जुनंच?"

"नाही, नवीन आलंय. दोन महिने झाले."

"दाराला काच आहे?"

काच होती. पुस्तकात 'अंधारात ठेवा' असं लिहिलं होतं, आणि कपाट म्हणजे अंधार हे तिने पहिल्या वर्षापासून गृहीत धरलं होतं.

"आणि समोर खिडकी असेल," बाबा म्हणाले. "शोकेसमधल्या कापडाच्या थानाचा रंग उजेडाच्या बाजूने उडतो. तू तर अख्खं विज्ञानच शोकेसमध्ये मांडलंयस, बाई."

मग ते उठले आणि आतल्या ट्रंकेतून काळ्या कापडाचा एक जाड तुकडा घेऊन आले. गिरणीतल्या शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः रंगवलेला.

"पक्का काळा. पडदा लाव."

सोमवारी साधी नळी जांभळीच राहिली. मशरूमची पिवळी पडली. सुनेने दोन्ही नळ्या उजेडात धरल्या आणि पहिला फोन मॅडमना न करता घरी केला.

सात महिन्यांनी बांधणी होऊन प्रबंध आला. सुनेने ऋणनिर्देशाचं पान उघडून बाबांसमोर ठेवलं. मार्गदर्शक, संचालक, विभागप्रमुख आणि फ्रिज वेळेवर दुरुस्त करणारा मेकॅनिक यांच्यानंतर बाबांचं पूर्ण नाव होतं. पुढे लिहिलं होतं : 'ज्येष्ठ रंगतज्ज्ञ, अंधाराबद्दल.'

बाबांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. बत्तीस वर्षांत रंगवलेल्या एकाही थानावर त्यांचं नाव नव्हतं.

"तज्ज्ञ कसला? रंगारी लिहायचंस."

"बदलू?"

"आता छापलंय. राहू दे." त्यांनी पानावरून तळहात फिरवला. रंग हाताला लागतो का, हे बघायची जुनी सवय. "गिरणी सुटल्यापासून रंगाचं माझं कुणी ऐकलं नव्हतं. तू ऐकलंस."

"ऐकलं नसतं तर मी आज घरी बसले असते, बाबा."

"बरं, आज ते तुझं सूप वाढ."

सून पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली आणि वाटी शोधायला जरा जास्तच वेळ लावला. बाबांनी वाटी तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. चांगलं झालंय, असं दोनदा म्हणाले.

ताट उचलताना तिने पाहिलं. कडेला मशरूमचे अकरा तुकडे होते.