आधी भावाला विचारायचं

सरूबाई डबा घेऊन क्रशरवर पोचली तेव्हा भर दुपारी खडीचं मशीन बंद होतं. पत्र्याच्या ऑफिसातून नवऱ्याचं ओरडणं ऐकू आलं, तशी ती पळतच सुटली.

बिडकीनची जमीन सरकारनं घेतल्यावर तिचा नवरा बद्रीनाथ आणि चुलत दीर सांडू यांनी मिळून ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली होती. पण सांडूचा हात लवकर सुटायचा. एका ड्रायव्हरला त्यानं सळईनं रक्त निघेस्तोवर बडवलं, तेव्हा बद्रीनाथनं अंग काढून घ्यायचं ठरवलं. वाळूजचं एक गिऱ्हाईक त्याचे शेअर घ्यायला तयार होतं. शहरातल्या शैला वकिलांनी मात्र अडवलं.

"ही म्हैस नाही, बाजारात नेली आणि विकली," त्या म्हणाल्या. "तुमच्याच नियमावलीत आहे, शेअर आधी दुसऱ्या भागीदाराला द्यायचे, तज्ज्ञानं ठरवलेल्या किमतीला. त्यानं नाही म्हटलं तरच बाहेरच्याला."

बद्रीनाथनं तशी रीतसर नोटीस धाडली. सांडूला शेअर हवे होते, पण मातीमोल भावात.

सरूबाई दारात आली तेव्हा दोघा गड्यांनी बद्रीनाथला टेबलावर दाबून धरलं होतं. त्याच्या उजव्या हाताची बोटं भलतीकडंच वळली होती. सळई सांडूच्या हातात होती.

"सही करतो का, दादा?"

"मरंन, पण करणार नाय."

सळई पुन्हा खाली आली. हाड मोडल्याचा आवाज सरूबाईला स्पष्ट ऐकू आला. मग सांडूनं शुद्ध हरपलेल्या बद्रीनाथचा डावा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि विक्रीच्या कागदावर दाबला.

दाराशी हत्यारांची पेटी उघडी होती. तिनं त्यातला हातभर लांब पाना उचलला आणि सांडूच्या गुडघ्यावर घातला. तो किंचाळत खाली कोसळला. गडी पळाले. सांडू हात जोडून म्हणाला, "वहिनी, नका." ती थांबली नाही. त्याच गुडघ्यावर तिनं पाना पुन्हा घातला.

सांडूनं दवाखान्यातल्या खाटेवरूनच शेअर आपल्या नावावर चढवून घेतले, आणि सरूबाईविरुद्ध फिर्यादही दिली. बद्रीनाथनंही सांडूवर केस केली. ती हर्सूलच्या जेलात गेली. तिथं शैला वकील भेटायला आल्या.

"जबरदस्तीनं घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. तो व्यवहार रद्द करून घेऊ. तुमचा मामला वेगळा. किती वेळा मारलं?"

"दोनदा. दुसऱ्या बारीला ते खाली पडल्याले होते."

शैलाबाईंनी ते लिहून घेतलं. "पहिला घाव नवऱ्याला वाचवायला होता असं मी सांगू शकते. दुसऱ्याचं काय सांगू?"

"जे झालं तेच सांगा. मला लई राग आला होता."

सरूबाई जामिनावर सुटली. त्या दिवशी पळालेल्या गड्यांपैकी एकानं मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात साक्ष दिली, आणि तो अंगठा बाद ठरला. शेअर बद्रीनाथच्या नावावर परत आले. नियम तोच होता, त्यामुळं नोटीस पुन्हा सांडूलाच गेली. कंपनीत परका घुसू नये म्हणून यावेळी त्यानं ठरल्या किमतीला मुकाट होकार दिला.

सह्या शैलाबाईंच्या ऑफिसात झाल्या. सांडू कुबडी टेकत आला. बद्रीनाथची बोटं मिटत नव्हती. त्यानं पेन मुठीत कोंबून, ओठ चावत नाव लिहिलं. कुणी कुणाला मदत केली नाही.

निघताना सांडू म्हणाला, "वहिनी, केस मी मागं घेणार नाय."

"नका घेऊ, भावजी," सरूबाई म्हणाली. "तुमच्यावरची आमी बी घेणार नाय."

जिना अरुंद होता. सांडूला उतरायला वेळ लागत होता. ती दोघं वरच्या पायरीवर उभी राहिली, तो खाली पोचेस्तोवर.