काकासाहेबांचं जंगल

गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये ज्याला कुंडीतली तुळस जगवता आली नाही, तो माणूस माळावर जंगल उभं करायला निघाला, तेव्हाच भागूबाईनं कपाळाला हात लावला होता. पण नवऱ्याच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ब्रह्मदेवाचंही चालत नसे.

वेरूळच्या अलीकडे त्यांचं वावर आणि वावराला लागून माळ. दरवर्षी दसऱ्यानंतर मल्हारराव धनगर मेंढरं घेऊन यायचा. मेंढरं दिवसा माळावर चरायची, रात्री मोकळ्या वावरात बसायची. त्या लेंडीखतावर भागूबाईचा गहू पिकायचा.

काकासाहेब माळाला पडीक म्हणत. चंडोलांना, सशांना, तितरांना तो कधी पडीक वाटला नव्हता. पण त्यांना विचारतो कोण? आषाढात पाहुणे आले, हारतुरे झाले, गुलमोहर लागले. एकेका रोपामागं पाच-पाच माणसं फोटोत वाकली.

भाद्रपदात पावसानं दडी मारली. वीतभर मातीखाली नुसता मुरूम, रोपांनी माना टाकल्या. गवत मात्र कमरेएवढं उभं होतं. चार महिने पाऊस नि आठ महिने ऊन, असल्या हवेत गवतच शहाणं. वरून वाळतं, मुळाशी जीव धरून राहतं. काकासाहेबांना ते शहाणपण कुठून दिसणार?

"हे तणच सगळं पाणी पितंय," म्हणत त्यांनी तणनाशक मागवलं.

"अहो, मग मेंढरं काय खातील?" भागूबाईनं विचारलं.

"मेंढरांसाठी जंगल सोडू व्हय?"

आठवड्यात माळ जळून तांबडा झाला. औषधाला तण आणि गुलमोहर वेगळे कळत नाहीत, त्यामुळे उरलीसुरली रोपंही गेली.

दसरा झाला. मल्हाररावानं माळ पाहिला आणि कळप रस्त्यावरच थांबवला. पलीकडं आप्पासाहेबांच्या माळावर गवत डुलत होतं.

"चरायला तिकडं न्या, पण बसवा आमच्याच वावरात," काकासाहेब म्हणाले.

"तसं नाय व्हत, मालक. ज्याचं खाल्लं त्याच्याच वावरात बसायचं. ही जुनी रीत हाय."

कळप निघून गेला. भागूबाईला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. सांजेला आप्पासाहेबांच्या वावरातून मेंढरांची बें-बें ऐकू येऊ लागली.

"आता गव्हाला खत कुठलं घालायचं गं?" काकासाहेबांनी हळूच विचारलं.

"फोटो लई काढलेत की," भागूबाई म्हणाली. "तेच पसरा."